इम्प्लांट घेताय? आधी वर काय बसणार ते ठरवा

मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. दवाखान्यातून माप येतं, त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या आम्ही घडवतो. पेशंटशी आमची गाठ पडत नाही, पण ओळखीचे लोक कोटेशन घेऊन येतात आणि विचारतात, "यातलं कुठलं घेऊ?" इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात घालायचा स्क्रू. हाडात काय घालायचं ते नंतर बघा. वर काय बसणार ते आधी ठरवा.

एकच दाढ गेली असेल तर फार डोकं लावायचं कारण नाही. एक इम्प्लांट, एक कॅप. शेजारच्या दातांवर टेकवलेले जोडदात म्हणजे ब्रिज; ते दात धडधाकट असताना त्यासाठी घासून घेऊ नका. मात्र त्यांना आधीच कॅप लागायची वेळ आली असेल, तर ब्रिज वाईट नाही आणि खिशालाही परवडतो. ओळीने तीन दात नसतील, तर बहुतेकदा दोन इम्प्लांटवर भागतं.

खरा घोळ सगळे दात गेलेल्यांचा. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालची बोलताना, भाकरी चावताना उचलली जाते. त्यासाठी पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालून त्यांवर प्रेस बटणासारखी कवळी बसवता येते. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय सुचवला होता. कवळी काढून नळाखाली धुता येते. आतली नायलॉनची चकती झिजते, ती बदलायची, बस्स. म्हाताऱ्या माणसाला मी हेच सांगतो. चार ते सहा इम्प्लांटवरचे पक्के दात दिसायला छानच, पण त्यांच्याखाली रोज बारीक ब्रश फिरवावा लागतो. थरथरत्या हातांना ते जमतं का, हा विचार घरात कुणी करत नाही.

आता हाडात जाणारा भाग, म्हणजे खुद्द इम्प्लांट. स्वीडनमध्ये डॉक्टर ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या माणसाला बसवले ते टायटॅनियम धातूचे. आजही मुख्य वापर त्याचाच. पांढरे झिर्कोनियाचे, म्हणजे सिरॅमिकचे, मिळतात. पुढच्या दाताची हिरडी पातळ असेल तर त्यांचा विचार करावा. पण त्यांतले बरेच अखंड असतात, म्हणजे इम्प्लांट आणि कॅप यांमधला जोड वेगळा नसतो, मग नंतर कोन बदलायला वाव राहत नाही. मिनी इम्प्लांट तीन मिलिमीटरहून बारीक. कवळी धरायला ठीक, दाढेसाठी नको.

"तीन दिवसांत पक्के दात" ही जाहिरात बहुधा बेसल इम्प्लांटची असते. हे लांब स्क्रू हाडाच्या कडक थरात रोवतात आणि दात लगेच एकमेकांना जोडून टाकतात. हाड अगदीच झिजलेल्याला त्याचा उपयोग आहे. हाड शाबूत असेल तर मी नेहमीचाच इम्प्लांट घेईन आणि हाड धरेपर्यंत थांबेन: खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने, वरच्या जबड्यात त्याहून जास्त. जोडलेल्यातला एक हलला की अख्खा ब्रिज उतरवावा लागतो.

कॅप स्क्रूने बसणार की सिमेंटने, हेही विचारा. जमत असेल तिथे स्क्रूची घ्या. स्क्रूचं भोक वरून बुजवतात, आणि बिघाड झाला तर कॅप न फोडता काढता येते. सिमेंट हिरडीखाली राहून गेलं तर सूज येते, हाडही झिजतं. पुढच्या दातात भोक दर्शनी बाजूला येत असेल, तर मात्र सिमेंटला पर्याय नसतो.

निर्णयाआधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्री-डी एक्स-रे, हवा. साध्या ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्स-रेत, हाडाची रुंदी कळत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर तपासा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांनी जबड्याची जखम भरत नाही. तंबाखू, मिश्री लपवू नका.

आणि कंपनीचं नाव लिहून घ्या. आमच्याकडे कधी जुन्या इम्प्लांटचं माप येतं आणि चिठ्ठीवर नुसतं "इम्प्लांट, खालची उजवी सहावी". कंपनी कुठली, पत्ता नाही. एकाचा स्क्रू षटकोनी खाचेचा, दुसऱ्याचा चांदणीसारखा. एकीचा जोड दुसरीत बसत नाही. मग एक्स-रे बघून अंदाज बांधत बसायचं. खोक्यावरच्या स्टिकरवर कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर असतो. तो फायलीत चिकटवून घ्या, मोबाइलवर फोटो काढा.

कोटेशनमध्ये इम्प्लांट, मधला जोड म्हणजे अबटमेंट, आणि कॅप हे तिन्ही आकडे वेगळे लिहून मागा. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनात बरेचदा पहिलाच आकडा असतो.