ओसीडीचा अभ्यास उंदरांवर करताना या चुका टाळा

ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर) या मानसिक आजारात दोन गोष्टी असतात. नको असताना मनात घुसणारा विचार, आणि तो शमावा म्हणून पुन्हा पुन्हा केलेली कृती. उंदराकडून आपल्याला मिळते ती फक्त दुसरी. त्याला प्रश्नावली देता येत नाही आणि "हात धुतले नाहीत तर काय होईल असं वाटतं?" हेही विचारता येत नाही. तरीही पेपर लिहिताना 'ओसीडीग्रस्त उंदीर' हे शब्द सहज उमटतात. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

पुरलेल्या गोट्या मोजून थांबणे

पाचेक सेंटिमीटर भुसा, त्यावर 20 काचेच्या गोट्या, 30 मिनिटं उंदीर आत, आणि मग दोन-तृतीयांश झाकलेल्या गोट्यांची मोजणी. चाचणी स्वस्त आहे आणि झटपट होते, त्यामुळे सगळेच ती करतात. पण 2009 मधल्या एका सविस्तर अभ्यासात दिसलं की गोट्या नव्या आहेत की ओळखीच्या, याने उंदराला फारसा फरक पडत नाही. तो मुळात उकरत असतो आणि त्या उकरण्यात गोट्या पुरल्या जातात. म्हणजे 'गोटीची भीती वाटते म्हणून पुरतो' ही कहाणी आपण रचलेली आहे. शिवाय चिंता शमवणाऱ्या डायझेपामनेही आकडा खाली येतो आणि डायझेपाम हे काही ओसीडीवरचं औषध नाही. जनावराला सुस्त करणारं कुठलंही द्रव्य इथे 'गुणकारी' ठरू शकतं.

म्हणून त्याच डोसवर मोकळ्या चौकटीत चालण्या-फिरण्याची नोंद घ्या आणि व्हिडिओवरून उकरण्याचा वेळ वेगळा काढा. कंट्रोल गटच गोट्या पुरत नसेल तर आधी भुसा किती खोल आणि किती भरड आहे ते तपासा, मग उंदरांची जात बघा, कारण जातीजातीत मोठा फरक असतो. उलट सगळेच उंदीर सगळ्या गोट्या पुरत असतील तर औषधाने होणारी वाढ दिसायला जागाच उरत नाही. तेव्हा वेळ कमी करा. गोट्या दर वेळी धुवा, नाहीतर आधीच्या उंदराचा वास पुढच्याच्या वागण्यात मिसळतो. आणि मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नको.

जखम दिसली की ग्रूमिंग (अंग चाटणं-पुसणं) जास्त असं धरणे

ही चूक सगळ्यात महागात पडते. सॅपॅप3 जनुक नसलेले उंदीर 2007 मध्ये पुढे आले. अंग सतत पुसून पुसून त्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर जखमा होतात, पण त्या साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत दिसू लागतात. दोन महिन्यांच्या उंदरांची कातडी बघून 'काहीच नाही' असा निष्कर्ष काढणारे अधूनमधून भेटतात. जखम झाल्यावर मोजायला बसणंही धोक्याचं, कारण खाज आणि वेदना स्वतःच ग्रूमिंग वाढवतात. मोजमाप जखमेआधीच सुरू करा.

दुसरा गोंधळ कातडीचा. सी57 ब्लॅक 6 जातीच्या उंदरांना व्रण पडणारा त्वचारोग तसाही होतो. जखम नॉकआउट (जनुक काढून टाकलेल्या) उंदरांइतकीच साध्या भावंडांनाही असेल तर पशुवैद्याला दाखवा, गोचिडासारखे बारीक परजीवी आहेत का ते तपासा. केस कातरल्यासारखे गेलेत, मिशा तुटल्यात, पण कातडी शाबूत आहे? मग हे बहुतेक दुसऱ्या उंदराचं काम. ज्याच्या मिशा पूर्ण शाबूत आहेत त्याच्यावर नजर ठेवा आणि त्याला वेगळ्या पिंजऱ्यात टाकून बघा.

हॉक्सबी8 ची गोष्ट इथे आठवायला हवी. 2002 मध्ये हे जनुक बिघडलेले उंदीर अति-ग्रूमिंगमुळे गाजले. 2008 मध्ये मज्जारज्जूतल्या संवेदनेच्या वाटा बिघडल्याचं दिसलं, तर 2010 मध्ये अस्थिमज्जा बदलून ग्रूमिंग कमी करता आलं. ओरबाडणं एकच, आणि त्याच्या मागे त्वचेची जाणीव, मेंदू, रोगप्रतिकारक पेशी असे तीन वेगवेगळे दावेदार. म्हणून वेदना आणि स्पर्शाची चाचणी लावल्याशिवाय मेंदूकडे बोट दाखवू नका.

ग्रूमिंग मोजताना एकूण वेळ आणि किती वेळा सुरू केलं हे दोन्ही आकडे वेगळे ठेवा. नुकताच हाताळलेला किंवा नव्या पिंजऱ्यात टाकलेला उंदीर अंग जास्त चाटतो, तेव्हा त्याला आधी स्थिरावू द्या.

एका डोसवर निकाल लावणे

ओसीडीत माणसाला एसएसआरआय (सेरोटोनिनवर काम करणारी औषधं) लागू पडायला सहसा 8 ते 12 आठवडे जातात. अर्ध्या तासात उंदराचं उकरणं कमी झालं, तर ते तेच परिणामाचं चित्र नाही. सॅपॅप3 उंदरांत फ्लुओक्सेटिन या एसएसआरआयच्या एका डोसने फरक पडला नाही, सलग सहा दिवस दिल्यावर पडला. मला हा तपशील मूळ जखमांपेक्षा जास्त बोलका वाटतो. तुलनेसाठी डेसिप्रामिनचा गट ठेवा. नैराश्यावर चालणारं हे औषध ओसीडीत निष्प्रभ ठरतं, तेव्हा तुमच्या चाचणीत ते ओसीडीवर चालणाऱ्या क्लोमिप्रामिनइतकंच चाललं तर संशय चाचणीवर घ्यायचा.

क्विनपिरोल छोट्या पेटीत

क्विनपिरोल (मेंदूतल्या डोपामिनसारखं काम करणारं द्रव्य) आठवड्यातून दोनदा, किलोला 0.5 मिलिग्रॅम असं काही आठवडे दिल्यावर रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) एकाच जागी परत परत येऊन ती तपासतो. मूळ पद्धतीत मैदान 160 सेंटिमीटर बाजूचं आहे, आत वस्तू ठेवलेल्या. छोट्या पेटीत ही तपासणी दिसत नाही, नुसती धावपळ दिसते. जास्त धावणारा जास्त वेळा परततोच, म्हणून भेटींची संख्या एकूण हालचालीच्या मानाने अपेक्षित आकड्याने भागा.

मेंदूचं एकच सर्किट धरणे

2013 मध्ये एकाच वर्षी दोन निष्कर्ष आले. एकात कपाळामागच्या कॉर्टेक्सपासून (मेंदूच्या बाहेरच्या थरापासून) स्ट्रायटम या आतल्या भागाकडे जाणारी वाट रोज काही मिनिटं, अनेक दिवस प्रकाशाने उद्दीपित केली. ग्रूमिंग हळूहळू वाढलं आणि उद्दीपन थांबवल्यावरही टिकलं. दुसऱ्यात सॅपॅप3 उंदरांच्या त्याच परिसराचा बाजूचा भाग उद्दीपित केल्यावर अति-ग्रूमिंग कमी झालं. पहिल्याच दिवशी 'परिणाम नाही' म्हणून प्रयोग गुंडाळणाऱ्याला यातलं पहिलं कधीच दिसलं नसतं. भाग नेमका कुठला, किती दिवस, मोजणी उद्दीपन चालू असताना की नंतर, हे पद्धतीच्या परिच्छेदातच लिहा. शीर्षकात 'ओसीडीचं सर्किट' असं लिहायची गरज नाही; 'पुनरावृत्त ग्रूमिंग' पुरे.

संख्येबद्दल थोडक्यात: एका मादीची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र नमुने नव्हेत. विश्लेषणात वेत आणि पिंजरा दोन्ही घ्या, नर-मादी दोन्ही ठेवा, आणि गट वाटताना चिठ्ठ्या टाका किंवा संगणकाला वाटू द्या.