आधी चेंडू बदला, मग झेल शिकवा

परभणी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. नव्या लेकराकडे चेंडू टाकला की ते तोंड फिरवतं, डोळे गच्च मिटतं. ‘चेंडूकडे बघ’ असं कितीही सांगा, बघत नाही. कडक चेंडू जोरात येतो, त्याला भीती वाटणारच.

म्हणून चेंडू घरीच करा. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या मोज्यात ठासून भरा आणि तोंड शिवून टाका. पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब आणा, तिच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापा आणि आडव्या-उभ्या चढवा. चिंध्या सुटत नाहीत आणि हाताला पकडही मिळते. आकार मोसंबीपेक्षा मोठा ठेवा; छोटा चेंडू लहान हातांना अवघड जातो.

सुरुवातीला झेल नकोच. दोन लेकरं समोरासमोर पाय फाकवून बसवा, तळव्याला तळवा लावून. चेंडू लोळवायचा, दोन्ही हातांनी अडवायचा. येणाऱ्या चेंडूवर नजर ठेवायची सवय इथंच लागते. मग ओढणीचा तुकडा वर उडवून झेलायला द्या. तो सावकाश खाली येतो, लेकराला हात पुढं करायला वेळ मिळतो. फुगाही चालतो, पण फुटला की तुकडे लगेच उचला. तोंडात घातले तर घशात अडकतात.

आता चिंध्यांचा चेंडू दोन पावलांवरून, खालून, हलकेच टाका. लेकरू तो छातीशी कवटाळेल. कवटाळू द्या! या वयात तोही झेलच. नुसत्या हातांनी धरणं पुढं सरावानं जमतं. ‘असा नाही, असा’ म्हणत त्याचे हात धरून वळवू नका.

फेकताना उजवखोरी मुलंही उजवाच पाय पुढं टाकतात. खडूनं जमिनीवर डाव्या पायाचा ठसा काढा, ‘यावर पाय ठेवून फेक’ एवढंच सांगा. डावखोऱ्यांसाठी उजवा ठसा. समोर घमेलं ठेवा. नेम बसू लागला की घमेलं एक पाऊल मागं सरकवा.

हे जमलं की लगोरी. फक्त ‘बाद’चा नियम काढून टाका. ज्याला सराव हवा असतो तेच लेकरू सगळ्यात आधी बाद होऊन लिंबाखाली बसून राहतं. चेंडू लागला तर त्यानं राज्य घ्यायचं, म्हणजे पुढचा चेंडू त्याच्याच हातात येतो.