चॉकलेटी कोंबड्यांची पैदास: भाऊबीजेपासूनची तयारी

माद्या आधी वेगळ्या करा, बाकी सगळं नंतर. ज्यांची अंडी उबवायची त्या कोंबड्या निदान तीन आठवडे, जमलं तर चार, कुठल्याही नराची सावली पडणार नाही अशा ठेवायच्या. मागच्या हंगामात मी एवढंच केलं नाही आणि वर्ष वाया गेलं. म्हणून यादी इथून सुरू करतो.

ऑर्पिंग्टन ही विलायती जात, तिचा चॉकलेटी म्हणजे तपकिरी पिसांचा नर मोठ्या मुश्किलीने हाती लागला होता. घरी पाच काळ्या ऑर्पिंग्टन माद्या होत्या, त्या तोवर अंगणात मोकळ्या फिरायच्या आणि शेजारचा काळा गावठी कोंबडा कुंपण ओलांडून यायचा. नर आला त्या दिवशी सगळ्यांना एका खुराड्यात बंद केलं आणि सहाव्या दिवसापासून अंडी गोळा करायला लागलो. शेजारचे नाना म्हणाले, "आता तर बंद केल्या ना भाऊ, मग काय व्हतं?" मलाही तेच वाटलं. पण कोंबडीच्या अंडमार्गात बारीक नळ्या असतात, त्यांत नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, कधी त्याहूनही जास्त. रोजच्या अंड्याला ती त्यातलंच वापरते. नर बदलला म्हणून आधीच्याचं बीज संपत नाही.

एकतीस पिल्लं निघाली. अकरा तपकिरी, वीस काळी. चॉकलेटी रंगाचा गुण नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतो. नराकडे झेड दोन, एक आईचा आणि एक बापाचा, आणि त्यातला एक काळ्याचा असला की चॉकलेटी दबून राहतो. मादीकडे झेड एकच, तोही बापाकडून आलेला. म्हणून चॉकलेटी नर आणि काळी मादी लावली तर सगळ्या मुली चॉकलेटी आणि सगळे मुलगे काळे व्हायला हवेत, आणि त्या काळ्या मुलग्यांत चॉकलेटी गुण दडलेला असतो. मी वीसही काळे नर धरून चाललो. नवव्या आठवड्यात बघतो तर त्यातल्या पाचांचे तुरे वाढेचनात. त्या काळ्या तलंगी, म्हणजे तरण्या माद्या होत्या. चॉकलेटी बापाला काळी मुलगी होऊच शकत नाही, म्हणजे बाप शेजारचा. पाच तलंगींपेक्षा मोठं नुकसान पुढे आहे. उरलेल्या पंधरा काळ्या नरांत चॉकलेटी बापाचे किती आणि गावठ्याचे किती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. ज्यांच्यावर पुढची पिढी उभी करायची होती ते पंधराही संशयात गेले.

म्हणून तीन आठवडे. आणि वेगळं ठेवणं म्हणजे वरून जाळी, खाली फट नाही, दाराला कडी. आरवायला लागलेला चार-पाच महिन्यांचा तरणा कोंबडा हाही नरच, त्याला लहान समजून आत ठेवू नका. बाजारातून आणलेल्या मादीलाही हाच नियम, विकणारा काहीही सांगो.

आता नराबद्दल. तपकिरी दिसणारा प्रत्येक नर चॉकलेटी नसतो. डन नावाचा दुसरा तपकिरी रंग आहे, तो झेडवर नसतो, म्हणून नर-मादी दोघांत सारखा चालतो. डनची एक प्रत असेल तर पक्षी तपकिरी, दोन असतील तर फिका खाकी. डन नराला डन मादी दिली की सरासरी चारात एक पिल्लू काळं, दोन डन, एक खाकी, म्हणजे तिथे काळं पिल्लू निघालं तरी कुणाचा दोष नसतो. चॉकलेटी नर आणि चॉकलेटी मादी या जोडीत मात्र एकही काळं पिल्लू निघता कामा नये. ओळख करायची तर संशयित नर शुद्ध काळ्या माद्यांना लावा. सगळ्या मुली तपकिरी आणि सगळे मुलगे काळे निघाले तर चॉकलेटी. मुलामुलींत सारखेच निम्मे तपकिरी, निम्मे काळे निघाले तर डन. पण ही परीक्षासुद्धा माद्या तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या असतील तरच खरी, नाहीतर निकाल भलताच येतो आणि तुम्ही चांगल्या नराला नावं ठेवता.

काळी मादी चॉकलेटी गुण लपवून ठेवू शकत नाही, नर ठेवू शकतो. हे वाक्य खुराड्याच्या दारावर खडूने लिहा.

गावठी तांबडी कोंबडी या कामाला चालत नाही. तिचा तांबडा रंग वेगळ्या रंगद्रव्याचा, आणि चॉकलेटी गुण फक्त काळ्या रंगद्रव्यावर चालतो. पक्षी अंगभर काळ्या जातीचाच हवा. काळ्या कातडीच्या कडकनाथचं मूळ ठिकाण, मध्य प्रदेशातलं झाबुआ, जवळ आहे म्हणून नंदुरबारकडचे काही जण कडकनाथ माद्या वापरायचं म्हणतात. नका वापरू. काळ्या कातडीचा गुण पिल्लांत उतरतो आणि तो निस्तरण्यात पिढ्या जातात.

वेळापत्रक आपल्या उन्हाकडे बघून ठरवायचं. भाऊबीजेला माद्या वेगळ्या. चार आठवडे झाले की नर आत, एका नरामागे सहा-सात माद्या पुरे. सारंगखेड्याच्या यात्रेच्या सुमाराला, म्हणजे दत्तजयंतीला, पहिली अंडी उबवायला. जानेवारीत पिल्लं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत ती पिसांनी भरलेली हवीत, कारण भुसावळ-जळगावचं मे महिन्यातलं ऊन मोठ्या पक्ष्यांनाही सोसत नाही.

नर आत सोडण्याआधी एक काम कराच. वेगळ्या ठेवलेल्या प्रत्येक मादीचं एक ताजं अंडं पांढऱ्या ताटलीत फोडा. बलकावर एक फिकट ठिपका दिसेल, वर नसेल तर चमच्याने बलक हलकेच फिरवा. ठिपका छोटा, भरीव, कडा वेड्यावाकड्या असल्या तर अंडं रिकामं, मादी तयार. ठिपका मोठा आणि त्याभोवती बांगडीसारखं वर्तुळ असेल तर बीज अजून शिल्लक आहे. आणखी एक आठवडा थांबा आणि पुन्हा फोडा. अंडं फुकट जातं म्हणून जीव खालीवर करू नका, मी पाच अंडी वाचवली आणि वर्ष घालवलं.

पायात नंबरची कडी, वहीत तारीख, कोणती मादी कोणत्या नराखाली. डोक्यात राहतं असं समजू नका.

खुराड्यावर सावली हवी, ताडपत्री टाका, नाहीतर छपरावर तुराट्या. चॉकलेटी पिसं उन्हाने विटतात, पाठीवर आणि पंखांवर वाळल्या गवताचा रंग चढतो. मग निवड करताना रंग हलका की विटलेला हे कळत नाही. पंख उघडून आतलं, ऊन न लागलेलं पीस बघायचं. मानेत तांबडं पीस दिसलं तर तो पक्षी बाजूला.

खाद्यात मका, बाजरी, ज्वारी चालते, पण नुसत्या धान्यावर भागत नाही. पैदाशीच्या माद्यांना प्रथिनं आणि कॅल्शियम हवं, लेअरचं, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्या. पाणी, भुसा, स्वच्छता, हे काय सांगायचं.

मानमोडीची लस आधी. बाहेरच्या माणसाला चपला घालून खुराड्यात येऊ देऊ नका. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला, तेव्हा शेजारधर्म म्हणून कुणाला आत घेऊ नका.

अंडी धुवायची नाहीत, निमुळतं टोक खाली, थंड जागी, सात दिवसांच्या आत उबवणी यंत्रात. पंख्याचं यंत्र असेल तर साडेसदतीस अंश, रोज फिरवणं, अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद आणि ओलावा जास्त. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर लागतोच. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसणारी कोंबडी मिळाली तर तिच्याखाली घाला, तिला वीज लागत नाही. सातव्या दिवशी टॉर्च लावून अंड्यात पिल्लू धरलंय का बघा. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

धुळ्याकडे जानेवारीत रात्री कडाक्याच्या असतात, बल्ब लावा. लासोटा, म्हणजे पिल्लांची मानमोडीची लस, पाचव्या ते सातव्या दिवशी. तपकिरी पिल्लांना एक कडं, काळ्यांना दुसरं, पहिल्याच दिवशी.

काळी पिल्लं दहा आठवडे कुणाला विकू नका, कुणाला देऊ नका, दडलेल्या गुणाचे नर म्हणून सांगू तर नकाच. त्यांच्यात एकही काळी तलंग निघाली तर सगळी काळी पिल्लं पैदाशीतून बाद. त्यांच्या आयांना पुन्हा वेगळ्या करा, आज. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा ताटलीत अंडं.