तरण्या पावसाआधी फिल्टरचं झाकण उघडा : झिंगे आणि गाळाविषयी

तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. त्याआधी एक काम कराच : मासळीच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरचं झाकण उघडा आणि तळाचा गाळ सोडून द्या. बाकीचं नंतर.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पुनर्वसू-पुष्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, लाइट जाते-येते. मासे उलटे पडलेल्या ज्या टाक्या मी बघितल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी रोग नव्हताच. फिल्टरच्या तळाशी वीतभर काळा गाळ होता आणि झाकण उन्हाळ्यापासून कुणी उघडलं नव्हतं. पाण्याला वास आला की मग दुकानातून औषधाची बाटली आणायची, ही सवय पडली आहे. मत्स्य संपदा योजनेतून टाक्या बांधल्या गेल्या, पण फिल्टर सांभाळायला घरातलं कुणी शिकलं नाही.

हिशेब बघा. चार मीटर व्यासाची, मीटरभर पाण्याची टाकी म्हणजे साडेबारा हजार लिटर. तिलापिया माशांना दिवसाला 2 किलो खाद्य, त्यात 30 टक्के प्रथिनं. त्यातून रोज 55 ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नत्र (अमोनियाच्या रूपातलं नायट्रोजन, माशांना विष) पाण्यात उतरतं. फिल्टर बंद पडला तर चोवीस तासांत लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या वर जातं. हा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमधल्या खडीवर, पाइपच्या तुकड्यांवर पातळ थर करून राहतात आणि त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. वर बुळबुळीत साय जाड झाली, खाली गाळ चढला, की ते गुदमरतात.

इथे बारीक झिंगे उपयोगी पडतात. ओढ्यात, तळ्याच्या काठच्या गवतात सापडणारे, इंचाहून लहान, जवळजवळ पारदर्शक. दिवसरात्र ते ही साय खरवडून खातात. जुना जाड थर निघतो, खालचा पातळ कामाचा थर मोकळा राहतो. मात्र झिंगे गाळ नाहीसा करत नाहीत. ते तो फक्त मोकळा करून खाली पाडतात, आणि तो सोडायचा तुम्हालाच. झिंगे सोडले म्हणून झाकण पुन्हा बंद करून बसलेला माणूस मी बघितला आहे. त्याचे आधी झिंगे गेले, मग मासे.

लांब नांग्या असलेले घेऊ नका. ती कोळंबीची पिल्लं असतात, एकमेकांना खातात. शहरातून नगावर विकत मिळणारे लाल झिंगेही नकोत. ते आपल्याकडचे नाहीत, पुरात ओढ्याला लागले तर परत गोळा होणार नाहीत. ऊस-तंबाखूच्या फवारणीचं पाणी उतरतं त्या ओढ्यातलेही टाळा. पूर यायच्या आधी गोळा करा, पुरात ओढ्यात उतरू नका. घरी आणल्यावर दोन आठवडे वेगळ्या टपात, हवा लावून ठेवा. ओढ्याचं पाणी आणि पाला फिल्टरमध्ये जाऊ देऊ नका.

फिल्टरच्या दोनशे लिटरच्या ड्रमला साठ-सत्तर झिंगे पुरतात, हा माझा अंदाज. सोडायचे ते खडी किंवा पाइपचे तुकडे स्थिर असलेल्या दुसऱ्या कप्प्यात. गाळ बसतो त्या पहिल्या कप्प्यात ऑक्सिजन कमी असतो, तिथे मरतील. हवेने सतत ढवळल्या जाणाऱ्या फिल्टरमध्ये मार खातात. आत-बाहेरच्या तोंडाला जाळी हवीच, कारण टाकीत गेले की तिलापिया एकही ठेवत नाही. सकाळी झिंगे जाळीवर, भिंतीवर चढून बसलेले दिसले की मी त्या दिवशी खाद्य बंद ठेवायला सांगतो. मासे वर येऊन तोंड उघडायच्या आधी पाणी बिघडल्याचं झिंगे सांगतात, असा माझा अनुभव आहे.

आता बाटल्यांविषयी. माशांच्या अंगावर उवा दिसल्या की दुकानदार सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचं औषध पुढे करतो. माशांची ऊ ही झिंग्यांचीच भावकी, कवचधारी प्राणी. उवेला मारणारं औषध झिंग्यांना सोडणार नाही. मेलेले झिंगे फिल्टरमध्येच कुजतात आणि अमोनिया वाढतो. मोरचूदही (कॉपर सल्फेट) तसंच. उपचार करायचाच तर मासे वेगळ्या टपात घेऊन करा आणि ते पाणी फिल्टरकडे वळवू नका. ‘अमोनिया घालवणाऱ्या’ महाग पावडरीवर पैसे घालण्याआधी गाळ सोडून बघा, पाव टाकी पाणी बदला. आणि अमोनिया चढलेला असताना चुना टाकू नका. सामू (pH) वाढला की तोच अमोनिया कितीतरी पट विषारी होतो.

रोजची कामं :
- गाळाचा कॉक सकाळ-संध्याकाळ, पाणी स्वच्छ येईपर्यंत
- जाळी रोज ब्रशने
- खडी धुवायची वेळ आली तर टाकीच्याच पाण्यात. नळाचं पाणी, ब्लीचिंग नाही. एका वेळी निम्मीच
- दर किलो खाद्यामागे पाव किलो खाण्याचा सोडा, विरघळवून, हळूहळू
- तपासणीत नायट्राइट (अमोनिया पचताना मधेच तयार होणारं, तेही विषारी) दिसलं तर खडे मीठ लिटरमागे 1 ग्रॅम
- ऑक्सिजन लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या खाली नको
- ढगाळ दिवशी खाद्य निम्मं

लाइट दोन-तीन तास गेली आणि परत आली, तर पंप लगेच टाकीकडे सुरू करू नका. थांबलेल्या फिल्टरमधलं पाणी सडलेलं असतं. आधी तळाचा कॉक उघडून ते बाहेर काढा, झिंगे जिवंत आहेत का बघा, मगच पाणी टाकीत घ्या. रात्री दोन वाजता उठावं लागलं तरी.