ठाण्यात घर बघायला येताय? रविवारी येऊ नका

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडून नोकरीसाठी ठाण्यात येणारी माणसं घर बघायला हमखास रविवारी येतात. शनिवारी रात्री गाडीत बसायचं, पहाटे उतरायचं, एजंटाच्या गाडीतून चार-पाच फ्लॅट बघायचे आणि संध्याकाळी टोकन देऊन परतीची गाडी पकडायची. माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. रविवारचं ठाणे वेगळं आणि तुम्हाला रोज जगायचं आहे ते ठाणे वेगळं. रविवारी सकाळी घोडबंदर रस्त्यावर माजिवड्याहून कासारवडवलीपर्यंत गाडी सरळ जाते आणि एजंट म्हणतो, बघा, स्टेशनपासून किती जवळ आहे! मंगळवारी संध्याकाळी सात वाजता त्याच रस्त्यावर उभे राहा. हा नुसता ठाणेकरांचा रस्ता नाही. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच वाटेने जातात, पुढे गायमुखाचा घाट आहे आणि मेट्रोच्या कामाने रस्त्याचा कितीतरी भाग वर्षानुवर्षं अडलेला आहे. शिवाय रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात किंवा वळवतात, म्हणजे लोकलचाही खरा अंदाज येत नाही.

दोन दिवस काढा. गुरुवार-शुक्रवार असले तर फार चांगलं. मी कागलची. लग्नाआधी नोकरीसाठी ठाण्यात आले आणि इथलीच झाले. गावाकडचं कुणी विचारायला आलं की मी त्यांना आधी एकच विचारते: ऑफिस कुठे आहे? कारण ठाण्यात कुठे राहायचं हे त्यावरच ठरतं.

पहिल्या दिवशी सकाळी सामान ठेवलं की स्टेशन नीट समजून घ्या. पश्चिमेला एक नंबरचा फलाट आणि बाहेर सॅटिसचा पूल, जिथून टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बस सुटतात. पूर्वेला कोपरी, आणि त्या अंगाला नऊ-दहा नंबरचे फलाट. ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे वाशी, नेरूळ, पनवेलच्या गाड्या तिथून सुटतात. हे नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. नोकरी नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे असल्या ठिकाणी असेल आणि घर घोडबंदरला घेतलं, तर रोज सकाळी आधी पश्चिमेच्या कोंडीतून स्टेशन गाठायचं आणि मग सगळे पूल ओलांडून पलीकडे जायचं. अशांनी कोपरीत घर बघावं. इमारती जुन्या आहेत, काहींचा पुनर्विकास चाललाय, पण फलाटावर चालत जाता येतं. खाडीपलीकडे कळवाही बघा, तिथे भाडं जरा आटोक्यात बसतं.

वागळे इस्टेटला नोकरी असेल तर स्टेशनचा विचारच सोडा. वर्तकनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर, किसननगर हा सगळा पट्टा त्याच बाजूला आहे. एमआयडीसीची राज्यातली सुरुवातच १९६२ मध्ये वागळे इस्टेटपासून झाली आणि कामगारांची वस्ती तिच्याभोवती वाढत गेली. आता कारखान्यांच्या जागी ऑफिसं आली, तरी साताऱ्या-कोल्हापूरची, कोकणातली माणसं तिथे अजून भेटतात. आपली बोली कानावर पडते, आणि नव्या शहरातल्या पहिल्या महिन्यात त्याचा केवढा आधार वाटतो हे आल्यावरच कळतं.

मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला खरोखर फलाटावर जाऊन उभं राहावं आणि ऑफिसपर्यंत जाऊन यावं. फास्ट गाड्या कर्जत, कसारा, बदलापूर, डोंबिवलीहून भरून येतात. ठाण्याला काही माणसं उतरतात, पण चढणारी त्याहून जास्त असतात. ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल मात्र रिकामी लागते. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपरला उतरायचं असेल तर तीच धरा, बसून जाल. अंधेरीकडे जाणाऱ्यांनी घाटकोपरला उतरून मेट्रो घ्यावी. सीएसएमटीपर्यंत स्लोने तासभर लागतो, फास्टने पंधराएक मिनिटं वाचतात. त्या पंधरा मिनिटांसाठी दारात लटकून जाऊ नका. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारातली माणसं खाली पडून जीव गेले. गाडी सुटली तर सुटू द्या, पाठोपाठ दुसरी असतेच.

पत्ता विचारताना रस्त्याचं नाव सांगून उपयोग नाही. ठाणे चालतं नाक्यांवर, आणि त्यातले कितीतरी नाके कंपन्यांच्या आणि टॉकीजच्या नावाने ओळखले जातात. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज, वंदना टॉकीज, मल्हार टॉकीज. मुंबईच्या बाजूने घोडबंदरकडे निघालात तर तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी हा क्रम पाठ करून ठेवा. पुढे घोडबंदर रस्त्यावर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. एवढं आलं की रिक्षावाल्याशी बोलताना अडणार नाही. शेअर रिक्षा स्टेशनजवळ ठरलेल्या ठिकाणी रांगेने मिळतात, कोणती रांग कुठली हे रांगेतल्या माणसालाच विचारा. लोक सांगतात, आनंदाने सांगतात.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ मात्र घरं बघण्यात घालवू नका. ती जुन्या ठाण्यासाठी ठेवा. इथे राहणारी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं घोडबंदरवरून ऑफिस आणि ऑफिसवरून घोडबंदर एवढंच करतात. त्यांना हे शहर माहीतच होत नाही आणि मग ती म्हणतात, ठाण्यात काय आहे? मला याचं मनापासून वाईट वाटतं. स्टेशनपासून चालायला लागा. सामानाने ओसंडणारी जांभळी नाक्याची बाजारपेठ, पुढे कोपिनेश्वराचं देऊळ. आत जाऊन पिंड बघा, एवढी मोठी पिंड फार थोड्या देवळांत दिसते. देवळाला लागूनच मासुंदा तलाव, ज्याला सगळे तलावपाळी म्हणतात. काठावर गडकरी रंगायतन. १९७८ पासून ठाण्याच्या नाटकवेड्यांचं हक्काचं ठिकाण. त्या आठवड्यात कोणतं नाटक लागलंय ते बघा आणि तिकीट मिळालं तर घर बघणं एक दिवस पुढे ढकला.

तलावपाळीहून फार लांब नाही ते ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. त्या जाड भिंती मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्याच्या. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, नंतर इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ मध्ये इथेच फाशी दिलं. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी झाली तीही इथेच. कान्हेरे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. मुलांना घेऊन आला असाल तर भिंतीपाशी थांबून त्यांना हे सांगा. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली हे त्यांना शाळेत कळतंच, कान्हेऱ्यांचं ठाणं मात्र बहुतेकांना कळत नाही.

तिथून राम मारुती रोड, गोखले रोड, नौपाडा. कपडे, पुस्तकं, फराळ, भांडी, सगळं या दोन रस्त्यांवर मिळतं. दिवाळीच्या पहाटे तरुण मुलं नटूनथटून तलावपाळी आणि राम मारुती रोडला जमतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. भूक लागली तर नौपाड्यात गजानन वडापावच्या दुकानात जा. तिथली बेसनाची पातळ पिवळी चटणी मी दुसरीकडे खाल्लेली नाही. मिसळ खायची तर तहसील कचेरीजवळची मामलेदारची. कोल्हापूरकरांनी तिथे आमच्या मिसळीशी तुलना करत बसू नये. तिखट सोसत असेल तरी पहिल्यांदा मध्यमच मागा. गावी काही न्यायचं असेल तर पाचपाखाडीत प्रशांत कॉर्नरची मिठाई.

दुसऱ्या दिवशी लोकलचा अनुभव घेऊन आलात की मग घरं बघा. एजंट काय सांगतो ते ऐकून घ्या, पण खरं विचारायचं ते वॉचमनला, खालच्या किराणा दुकानदाराला आणि जिन्यात भेटलेल्या बाईला. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टँकर मागवावा लागतो का आणि त्याचा खर्च कोण देतं? ठाण्याचं पाणी भातसा आणि उल्हास नदीवरून येतं. पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला की काही भागांत दिवसभर नळ कोरडा राहतो, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी कमी दाबाने येतं. पाणी पुरवून वापरायची सवय असलेल्या आपल्या बायका हे सांभाळतात, पण भाडं ठरवण्याआधी माहीत असलेलं बरं. दुसरा प्रश्न पावसाचा. जुलैत वंदना टॉकीजच्या भागात पाणी साचतं हे सगळ्या ठाण्याला ठाऊक आहे, असे आणखीही सखल भाग आहेत. तळमजल्याचं घर आवडलं तर समोरच्या दुकानदाराला विचारा, मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं. तो बोटाने खूण दाखवतो.

सकाळी लवकर जाग येत असेल तर पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्यालयासमोरच्या कचराळी तलावाला एक फेरी मारा. हे तलावांचं शहर आहे. पूर्वीचे कितीतरी तलाव बुजले, जे उरलेत त्यांच्या काठाने लोक रोज चालतात. घराजवळ असा एखादा तलाव मिळाला तर त्यासाठी थोडं जास्त भाडं द्यायलाही हरकत नाही असं माझं मत आहे. उपवन तलावावरून वर येऊर. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत आणि आदिवासी पाडेही आहेत. सकाळी जा, हळू बोला, कचरा परत आणा, अंधार पडायच्या आत खाली उतरा.

हिवाळ्यात आलात तर ट्रान्सहार्बरने ऐरोलीला जा. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटी बघून खाडीत बोट सोडतात आणि हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, जवळून दिसतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यताही मिळाली.

सामान लागलं, गॅस आला, की पहिल्या महिन्यातच मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व घ्या. १८९३ पासून ही संस्था चालू आहे. तिथे दोन-चार वेळा गेलात की ओळखी होतात, आणि नव्या गावात ओळख ही सगळ्यात मोठी गरज असते. जानेवारीत नौपाड्यात सरस्वती शाळेच्या पटांगणावर रामभाऊ म्हाळगी स्मृती व्याख्यानमाला असते, गुढीपाडव्याला कोपिनेश्वराहून स्वागतयात्रा निघते. घोडबंदरला राहणाऱ्यांना तिकडेच घाणेकर नाट्यगृह जवळ पडतं. कुणी बोलावेल म्हणून थांबू नका, जाऊन बसा.

घर मात्र पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा करार करून भाड्याने राहा, करार नोंदवून घ्या, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती गेली आहे ना ते स्वतः बघा. दलाली आणि अनामत किती हे बोलणीच्या सुरुवातीलाच ठरवा आणि अनामतीची रक्कम करारात लिहून घ्या. मुलं शाळेत जाणारी असतील तर मार्च-एप्रिलमध्येच शोध सुरू करा, मे महिन्यात चांगली घरं निघून जातात. एक पावसाळा आणि एक दिवाळी ठाण्यात काढली की कोणत्या नाक्यावर राहायचं ते तुमचं तुम्हाला कळेल, मग कर्जाची चौकशी करा.