खोडव्याचं पाचट ठेवताय? मग या चुका टाळा

ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उरतं. मागे राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक म्हणजे खोडवा. दोन दिवसांत कुणीतरी काडी ओढतं आणि तासाभरात फड काळाठिक्कर. "रान स्वच्छ झालं, शिवाय राखेचं खत मिळालं," असं वर ऐकवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात साधारण ०.५ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब (कार्बन) असतो. म्हणजे १० टनांत ५० किलो नत्र आणि ३ ते ४ टन कर्ब. पेटवल्यावर हे दोन्ही बहुतांशी धुरावाटे जातं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) बरंचसं राखेत उरतं हे खरं, पण ती राख वाऱ्यावर उडते, पहिल्या जोरदार पाण्यात वाहून जाते. आणि पानांनी वर्षभर साठवलेलं ऊन? ते तर परत येतच नाही. अन्नद्रव्यं फिरून मुळाशी येतात, ऊर्जेची वाट मात्र एकेरी असते. ती गांडुळांच्या आणि जिवाणूंच्या पोटातून जावी की ज्वाळांतून, एवढंच आपल्या हातात आहे.

आता पाचट ठेवणाऱ्यांची तक्रार. "ठेवलं, तर खोडवा पिवळा पडला. पुढच्या वर्षी जाळणार." थांबा. दोष पाचटाचा नाही, हिशोबाचा आहे. जिवाणूंना पाचट म्हणजे इंधन, पण स्वतःचं अंग बांधायला त्यांना नत्र लागतं. पाचटात ८० भाग कर्बाला जेमतेम १ भाग नत्र असतं. हे प्रमाण ३० च्या वर गेलं की जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून उचलतात आणि फुटव्यांच्या तोंडचा घास जातो. ते नत्र नाहीसं होत नाही, जिवाणूंच्या अंगात अडकून राहतं. ते मेले की पुन्हा मोकळं होतं, पण तोवर फुटवे फुटायचे दिवस निघून जातात. म्हणून तोडणी झाल्यावर लगेच बुडखे जमिनीलगत छाटून, पाचट सरीत दाबून, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं संवर्धन (कुजवणाऱ्या जिवाणूंचं तयार मिश्रण) टाकायचं. हा युरिया पिकाचा नाही, जिवाणूंचा आहे. पिकाचा डोस वेगळा धरा, नाहीतर पुन्हा तेच पिवळेपण.

तो पिकाचा डोस पाचटावर फेकू नका. पाचटावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो हवेत जातो. पहारीने बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर भोक पाडा, खत आत टाका, भोक बुजवा. मजुरी लागते, पण मला यापेक्षा खात्रीची रीत दिसलेली नाही.

कोरड्या पाचटावर संवर्धन टाकून पाण्याची पाळी लांबवली तर संवर्धन वाया गेलं. ओलावा नसेल तर जिवाणू काही करत नाहीत. आणि ओल्या पाचटाखाली पांढरी बुरशी दिसली की औषधाचा पंप काढू नका. पाचटाचा थर हातात उचलून पाहा: ते तंतू पानापानाला चिकटलेले असतात, खालचं पान बोटांत चुरतं, मातीचा वास येतो. कुजणं चालू आहे.

काही महिन्यांनी थर अगदी पातळ होतो. मग "खत झालंच नाही, पाचट गेलं कुठे?" असं विचारलं जातं. निम्म्याहून जास्त कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. तो मुळात हवेतूनच आला होता. नत्र, स्फुरद, पालाश बहुतेक मातीतच राहिलं.

"उसानं जमीन खाल्ली" हेही अर्धवट आहे. साखर म्हणजे कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. सगळं हवेतून नि पाण्यातून आलेलं. साखरेच्या पोत्यातून नत्र-स्फुरद-पालाश जवळपास जातच नाही. उसाबरोबर कारखान्यात गेलेल्या अन्नद्रव्यांचा मोठा वाटा प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ), मळी (मोलॅसिस) आणि बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेत राहतो. त्यामुळे कारखान्याचा प्रेसमड रानात आणा, पण ताजा नको. ढिगात हात घालून बघा. चटका बसत असेल तर आत जिवाणूंचं काम जोरात चालू आहे. असा माल मुळाशी टाकला तर मुळं भाजतील. ढीग ओला ठेवा, अधूनमधून पालथा घाला. पालथा घालूनही गरम होईना, की ट्रॉली भरा.