पावसात फुगलेलं दार: खडू, पॉलिश पेपर आणि मेणबत्ती

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जुलै लागला की बेडरूमचं लाकडी दार चौकटीला घासतं. लावायला खांदा द्यावा लागतो. खोबरेल तेल लावलं, तर धूळ चिकटून आणखीच घट्ट. बिजागरीचे स्क्रू आवळले, फरक शून्य. सुतार रंधा मारतो म्हणाला, आईने अडवलं: हिवाळ्यात लाकूड सुकलं की फट पडते. रोज रात्री त्या धाडकन आवाजाने बाळ उठायचं, जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी चौकटीच्या आतल्या कडेला रंगीत खडू जाड फासला. दार एकदाच लावून उघडलं. दाराच्या कडेवर खडू उमटला तो जेमतेम वीतभर, कडीच्या वर. तेवढ्याच जागेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फिरवला. पुन्हा खडू, पुन्हा घासणं. खडू उमटायचा थांबल्यावर १२० नंबरचा हलका हात, मग कोरडं फडकं. त्यावर साधी पांढरी मेणबत्ती दाबून घासली, कड तुकतुकीत दिसेपर्यंत, समोरच्या चौकटीवरही. मेणाने दार सरकतं आणि उघड्या लाकडात ओल कमी शिरते.

स्टुलावर चढून दाराची वरची कडही बघा. आमची बिनरंगाची निघाली, उरलेली मेणबत्ती तिथे संपवली.